धुतलेला बोजारा

पोळा, रात्री अकरा

आज दिवसभर मी दारात बसून होते. काम तेवढंच होतं, पण अंग मोडून आलंय.

आमच्याकडे पोळ्याला दार लावून घ्यायची रीत नाही. तोरण तुटलं की बैल घरोघर येतात. त्यांच्या पायावर पाणी घालायचं, ओवाळायचं, पुरणपोळी भरवायची. यंदा आमच्या जोडीची पूजा अंगणाच्या पार टोकाला, निंबाखाली केली. मोठा खिडकीतून पाहत होता, तोंडाला मास्क, डोक्यावर केस नाहीत म्हणून टोपी. "काकू, शिंगाले बेगड लावली का?" "लावली रे बाप्पा." काल खांदशेकणीच्या वेळी "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" हेही तो खिडकीतूनच म्हणाला. दरवर्षी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी तोच चोळतो.

आठ वर्षांचा आहे, माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे मोठ्या दिरांचा, मोठा मुलगा. मे महिन्यात ताप यायला लागला, पाय दुखायचे, मांडीवर निळे डाग पडले. एका दवाखान्यात टायफॉइड म्हणून पंधरा दिवस सलाइन लावलं. साधी रक्ताची तपासणी त्या पंधरा दिवसांत कोणी केली नाही, हे माझ्या मनातून जात नाही. हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा भासऱ्यांनी गाडी केली आणि थेट नागपूर गाठलं. हाडातला मगज काढून तपासला. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. सगळे शब्द कानावरून गेले, 'ब्लड कॅन्सर' तेवढा राहिला.

डॉक्टरांनी जाऊबाईंना समोर बसवून सांगितलं होतं की लहान मुलांमधला हा आजार बहुतेकदा बरा होतो, पण उपचार सुमारे अडीच वर्षं चालतात, आणि मधे सोडले तर तो परत येतो. पहिला महिना झाल्यावर मगज पुन्हा तपासला, त्यात आजाराच्या पेशी दिसल्या नाहीत. गावात लगेच पसरलं, पोरगं बरं झालं. लोकांना कसं समजवावं? दिसत नाहीत म्हणजे संपल्या नाहीत, म्हणून तर पुढचं सगळं.

आता दुसरा टप्पा चालू आहे. या औषधांनी चांगल्या पेशीही मरतात. परवाच्या रिपोर्टात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 740 होते, 500च्या खाली गेले की साधा जंतूही भारी पडतो. तरी डॉक्टरांनी पोळ्यासाठी पाच दिवस घरी सोडलं, अटी घालून. पाणी उकळून. काकडी-टमाटा कच्चा नाही. गोठा, शेण, ओलं कुटार यांच्याजवळ जायचं नाही. ताप 100.4च्या वर गेला तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायची नाही, तडक दवाखाना. आमच्या गावाहून नागपूर साडेतीन तास, आणि नाल्याला पूर आला की रस्ताच बंद. म्हणून भासरे दिवसातून दहादा आभाळाकडे पाहतात. पाऊस भरून आला की त्याच दिवशी लेकराला घेऊन तालुक्याला हलायचं, असं ठरलंय. बॅग दाराशी भरून ठेवलीय, त्यात फाइल, रेशनकार्ड, आधार. महात्मा फुले योजनेत बसल्यामुळे औषधांचा मोठा भार उतरला. जाण्यायेण्याचा, खोलीच्या भाड्याचा खर्च मात्र घरचाच, त्यासाठी या हंगामाचं सोयाबीन आधीच मोजून झालंय.

त्याची खोली आम्ही दोघींनी मिळून लावली. युरियाची पोती, फवारणीचा पंप, बाटल्या, सगळं शेतातल्या खोलीत हलवलं आणि भिंतींना चुना दिला.

आणि लोक येतात. खालच्या आळीतली म्हातारी आज नारळ घेऊन आली. याच्या बाळंतपणात रात्रभर जाऊबाईंजवळ बसलेली बाई. मी उंबऱ्याशी थांबवलं तशी म्हणाली, "आमी का परके झालो, बाई?" मला गलबलून आलं. मी म्हटलं, "माय, याचा रोग कोणाले लागत नाही. आपल्यापासून त्याले भेव आहे, त्याच्यापासून आपल्याले नाही." ती तिथंच अंगणात बसली. खिडकीकडे पाहून कानशिलावर बोटं मोडली, नारळ ओट्यावर ठेवला आणि गेली. वाईट वाटून गेली का समजून गेली, मला कळलं नाही.

जूनमध्ये त्याला प्लेटलेट लागल्या तेव्हा याच आळीतली सात पोरं एका गाडीत नागपूरला आली होती. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, माणूसच उभा राहावा लागतो. त्या पोरांनाही मी आज अंगणातूनच राम राम केला.

तान्हा पोळा, रात्र

सकाळी दाराच्या पळसाच्या मेढी, म्हणजे डहाळ्या, उपटून पोरांनी शिवेबाहेर नेल्या. "रोगराई घेऊन जाय गे मारबत!" आमची गल्ली आली तेव्हा ती जरा जास्तच जोरात ओरडली. सासूबाई हात जोडून उभ्या होत्या.

त्यांचं एक सांगायचं राहिलं. नागपूरला नर्सनं त्यांना सांगितलं होतं की व्हिन्क्रिस्टिन नावाचं इंजेक्शन सदाफुलीपासून मिळतं. घरी आल्यावर त्या तुळशीजवळच्या सदाफुलीची पानं वाटायला बसल्या. मी हात धरला. म्हटलं, "आत्याबाई, ते औषध मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. तेवढ्यानंच त्याचा पाय उचलेना झाला होता आणि पोट साफ होत नव्हतं. पानाच्या रसात किती काय आहे, कोण मोजीन?" त्या काही बोलल्या नाहीत. पाटा धुऊन ठेवला. आता सदाफुलीला रोज पाणी त्याच घालतात.

लहाना पाच वर्षांचा. तीन महिने माझ्याजवळ झोपतोय. आई कधी येईन हे त्यानं जून संपल्यावर विचारणं सोडलं, आणि आई आली तर तिच्याजवळ जायला दोन दिवस लावले. सगळ्यांचं लक्ष एकाकडे. हा कुठे रुसतो, कुठे जेवत नाही, ते मीही नेहमी पाहिलं नाही.

आज दुपारी त्यानं माळ्यावरून दोन्ही लाकडी नंदी काढायला लावले. दोघांना दोऱ्या बांधल्या आणि दोन्ही हातांनी दोघांना ओढत बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याचे पैसे, मागत गावभर फिरला. एकाचं चाक निसटत होतं, बसून बसवायचा आणि पुढे जायचा. घरोघर सांगितलं म्हणे, "हा दादाचा आहे, त्याचा बोजारा अलग द्या." परतला तेव्हा उजव्या खिशात दादाचा, डाव्या खिशात स्वतःचा.

नाणी अशीच त्याच्या हातात देता येईनात. मी स्टीलच्या वाटीत साबणाचं पाणी केलं आणि एकेक नाणं दोन बोटांत धरून घासलं. पाचाचं एक, बाकी सुटे. तळाशी काळं पाणी जमलं. दोनदा धुऊन फडक्यावर वाळवली. नोट एकच होती, वीसची. तिच्या बदल्यात मी माझी नाणी धुऊन दिली.

मोठ्यानं खाटेवर मांडून मोजले. "बत्तीस. तुले किती भेटले?" "एक्केचाळीस." "माह्या नंदीले कमी काऊन?" "तुह्या नंदीचं चाक निघते!" खिडकीच्या अलीकडून-पलीकडून दोघं कडाकडा भांडले. जाऊबाई चुलीपाशी होत्या. त्यांच्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली, एक बाजू करपली. त्या ऐकत होत्या.

आत्ता ताप पाहिला, 98.8. दर चार तासांनी पाहतो, दोनचा गजर माझ्याकडे आहे, सहाचा त्यांच्याकडे. उद्या तालुक्याला तपासणीसाठी रक्त द्यायचं, रिपोर्ट बरा आला तर परवा नागपूर. भासऱ्यांनी गाडी सांगितलीय. लहाना म्हणतो, नंदीचं चाक खिळा ठोकून पक्कं करून दादाच्या बॅगेत ठेवायचं. लाकडाला धूळ असते. उद्या ऊन पडलं तर नंदीही धुवायचाय.