तुम्ही विचारलंत म्हणून : स्वस्त रेड डॉट आणि तिचा माउंट

‘कमी पैशांत रायफलवर कोणती रेड डॉट साइट, म्हणजे काचेत उजळ ठिपका दाखवणारे नेम धरायचे साधन, बसवावी?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. त्यावर माझे पहिले उत्तर असे असते की, साइट साधी घेतली तरी चालेल, पण वाचलेले पैसे माउंटवर, म्हणजे साइट रायफलला जोडणाऱ्या पकडीवर, खर्च करा.

हे मी अनुभवाने शिकलो. माझ्या पहिल्या साइटवर पाच गोळ्या एका जागी बसत आणि पुढच्या पाच भलत्याच ठिकाणी जात. साइटच सदोष आहे असे समजून मी ती परत करायला निघालो होतो. प्रत्यक्षात माउंटच्या स्क्रूंना कारखान्यातले तेल तसेच होते आणि प्रत्येक धक्क्याबरोबर ते किंचित सैल होत होते.

विकत घेण्यापूर्वी आपल्या रायफलवरची रेल, म्हणजे माउंट जिच्यावर बसतो ती पट्टी, नीट पाहावी. पिकॅटिनी रेलच्या आडव्या खाचा 5.23 मिमी रुंद असतात, तर वीव्हर या दुसऱ्या प्रकारच्या रेलच्या 4.57 मिमी, त्यामुळे पिकॅटिनीसाठी केलेला माउंट वीव्हरवर बसेलच असे नाही. पॉइंट टू टू (.22 इंची) आणि एअर रायफलींवर बहुधा 11 मिमीची डव्हटेल, म्हणजे तिरक्या कडांची रेल, असते. स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का मागे आणि पुढे असा दुहेरी असतो व तो नाजूक साइटला मोडून टाकतो, म्हणून अशा रायफलीसाठी चालेल असे उत्पादकाने स्पष्ट लिहिलेलीच साइट घ्यावी.

ठिपक्याचा आकार एमओए (अंशाचा साठावा भाग) या कोनाच्या मापात सांगतात. 1 एमओए म्हणजे 100 मीटरवर सुमारे 29 मिमी, म्हणून 2 एमओएचा ठिपका तिथे जवळजवळ 6 सेंटीमीटर झाकतो. कागदावर बारीक नेम धरायचा असेल तर मोठा ठिपका नको. ठिपका चांदणीसारखा फाटलेला दिसला, तर फोनच्या कॅमेऱ्यातून पाहावे: तिथे तो गोल दिसत असेल, तर दोष बहुधा तुमच्या डोळ्यातल्या दृष्टिवैषम्याचा आहे. स्वस्त साइटमध्ये मी सर्वांत आधी पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की ठिपका लक्ष्यावरून सरकतो का, हे तपासतो. रिकामी रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून डोके हलवावे आणि लक्ष्यावरचा ठिपका किती सरकतो ते पाहावे.

बसवताना प्रथम रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी. स्क्रू व त्यांची भोके स्पिरिटने पुसावीत, माउंट खाचेत पुढच्या बाजूला, म्हणजे नळीच्या दिशेने, दाबून धरावा आणि मगच स्क्रू आळीपाळीने, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कपर्यंत (आवळण्याच्या जोरापर्यंत) आवळावेत. अंदाजाने आवळणाऱ्यांच्या हातून ॲल्युमिनियमचे आटे जातात, हे मी अनेकदा पाहिले आहे. साइट आणि माउंट जोडणाऱ्या बारीक स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब पुरतो. लाल लावू नये, तो पुढे सुटता सुटत नाही.

झिरो करायला, म्हणजे ठिपका आणि गोळी एकाच जागी आणायला, 25 मीटरपासून सुरुवात करावी. साइटच्या नेम जुळवायच्या स्क्रूची एक क्लिक 1 एमओएची असेल तर तिथे ती गोळीची जागा साधारण 7 मिमी सरकवते. ग्रुप (गोळ्यांचा झुपका) 35 मिमी खाली बसला असेल तर पाच क्लिक वर. एकाच गोळीवरून कधीही क्लिक फिरवू नये, निदान तीन तरी माराव्यात. झिरो झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून माउंटपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढावी, म्हणजे पुढच्या खेपेस स्क्रू हलला आहे का, हे गोळी न झाडताच कळेल.