नाबोथाचा मळा आणि एक संगणक

5 जुलै, रात्री

झारखंडमध्ये आदिवासींसाठी काम करणारे जेसुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी 2021 साली आजच्याच दिवशी गेले. वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये, वयाच्या 84व्या वर्षी, भीमा कोरेगाव हिंसाचाराशी जोडलेल्या एल्गार परिषद प्रकरणात, माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपाखाली, न्यायालयीन कोठडीत असताना. त्या दिवशी उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनावर सुनावणी होती आणि ते गेल्याचं तिथेच सांगितलं गेलं. संध्याकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आम्ही थोडे जण रेंगाळलो, तेव्हा बोलणं त्या स्ट्रॉवर आलं. पार्किन्सनमुळे हातात पेला ठरत नव्हता, म्हणून तळोजा तुरुंगातून स्ट्रॉ आणि सिपरसाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला होता. ती गोष्ट ऐकून अजूनही पोटात तुटतं. पण घरी आल्यापासून मनात घोळतोय तो त्यांचा संगणक.

ऑक्टोबर 2020 मध्ये, अटकेच्या दोनच दिवस आधी, त्यांनी एक निवेदन चित्रित करून ठेवलं होतं. एनआयएने (राष्ट्रीय तपास संस्थेने) पाच दिवसांत मिळून पंधरा तास आपली चौकशी केली, आपल्या संगणकातून काढलेले म्हणून काही मजकूर समोर ठेवले, पण ते बनावट आहेत, चोरून आत घातलेले आहेत, मी ते नाकारतो, असं ते त्यात शांतपणे सांगतात. भीमा कोरेगावला मी कधी गेलोच नाही, हेही सांगतात. तेव्हा अनेकांना ते म्हाताऱ्या माणसाचं साधं नाकारणं वाटलं असेल. डिसेंबर 2022 मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी फॉरेन्सिक कंपनीचा अहवाल बाहेर आला. त्यानुसार 2014 पासून त्यांच्या संगणकात नेटवायर नावाचं, दुरून ताबा घेणारं मालवेअर शिरलेलं होतं. त्या वाटेने आत कागद ठेवले गेले. आणि पुणे पोलिसांनी 12 जून 2019 रोजी संगणक जप्त केला, त्याच्या आदल्या दिवशी आत शिरलेल्या माणसाने आपल्या खुणा पुसायचा प्रयत्न केला. आदल्याच दिवशी! मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

हा अहवाल बचाव पक्षाच्या वकिलांनी मागवलेला आहे, हे लिहून ठेवायला हवं. याच प्रकरणातले दुसरे आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकाबद्दलचे या कंपनीचे निष्कर्ष एनआयएने न्यायालयात फेटाळले, हेही. निवाडा न्यायालयाने द्यायचा. माझ्याकडे निवाडा नाही, पण एक प्रश्न आहे, आणि तो मला बायबलमधूनच मिळाला.

राजांच्या पहिल्या ग्रंथातला एकविसावा अध्याय. अहाब राजाला महालाशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. वाडवडिलांचं वतन देणार नाही, असं नाबोथ राजाच्या तोंडावर सांगतो. मग ईजबेल राणी अहाबाच्या नावाने पत्रं लिहिते, त्यांवर राजाचीच मुद्रा उठवते आणि गावच्या वडीलधाऱ्यांना पाठवते: दोन माणसं उभी करा, यानं देवाला आणि राजाला शाप दिला अशी साक्ष त्यांना द्यायला लावा. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारतात आणि मळा राजाचा होतो. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट लोभाबद्दलची म्हणून ऐकली होती. आज ती पुराव्याची गोष्ट वाटते. पत्रावरची मुद्रा अस्सल होती. कोणी तपासली असती, तरी ती अस्सलच निघाली असती.

फादर स्वामींचं आयुष्य झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीसाठी गेलं. आदिवासी भागांना संरक्षण देणारी राज्यघटनेची पाचवी अनुसूची, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा, विनाखटला तुरुंगात सडणारी आदिवासी पोरं, हेच त्यांचं काम. त्यामुळे नाबोथ मला नुसता आठवत नाही, तो जवळचा वाटतो.

आता मुद्रेचं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच. आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. तरतूद चांगली आहे, हवीच होती. पण हॅश एवढंच सांगतो की, ठसा घेतल्यानंतर कोणी फेरफार केला की नाही. त्याआधीच, मालकाला पत्ता न लागता, कोणी काही आत ठेवून गेलं असेल, तर हॅश तेही इमानेइतबारे जपून ठेवतो.

तिथे बायबलमधला संदेष्टा दानिएल लागतो. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये दानिएलाच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात सुझानाची गोष्ट आहे. दोन प्रतिष्ठित वडीलधारे, दोघेही न्यायाधीश, तिच्यावर व्यभिचाराची साक्ष देतात आणि लोक ती लगेच मान्य करतात. कोवळा दानिएल ओरडून सगळ्यांना थांबवतो, दोघांना वेगवेगळं करतो आणि प्रत्येकाला एकच विचारतो: कोणत्या झाडाखाली पाहिलंस? दोघे दोन वेगळी झाडं सांगतात आणि सुझाना वाचते. साक्षीदाराची पत पाहून दानिएल थांबला नाही, त्यानं साक्षच उलटतपासली. मग संगणकालाही विचारायला हवं: ही फाइल आत कधी आली, कुठून आली, ज्याच्यावर आरोप आहे त्यानं ती एकदा तरी उघडली का? विल्सन यांच्या संगणकाबद्दल आर्सेनलने नेमकं हेच तपासलं होतं, आणि आरोपाचा आधार असलेली पत्रं तिथे कधी उघडल्याची खूण त्यांना सापडली नाही.

आमच्या चर्चमध्ये तंत्रज्ञानावर बोलणं होतं ते मुलांच्या हातातल्या मोबाइलपुरतं. फार तर कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत जातं, कारण पोप लिओ त्याबद्दल बोलतात. बोलायलाच हवं. पण आठवी आज्ञा खोट्या साक्षीविरुद्ध आहे, आणि आजची साक्ष हार्ड डिस्कवर लिहिली जाते, हे प्रवचनातून ऐकल्याचं मला आठवत नाही. राजकारण नको म्हणून गप्प बसतात, असं मला वाटतं. माझ्या लेखी हा पक्षांचा विषय नाही. उद्या सरकार दुसऱ्या कोणाचं असेल आणि संगणक तिसऱ्याच कोणाचा. याच प्रकरणातल्या ज्या आरोपींना आपल्या मिस्साशी काही देणंघेणं नाही, त्यांच्यासाठीही हा प्रश्न तितक्याच जोरानं विचारायला हवा. फक्त आपल्या फादरसाठी विचारला, तर ती जातभाईंची कड घेणं झालं.

मृतावर खटला चालत नाही, त्यामुळे फादर स्वामी निर्दोष ठरण्याची नेहमीची वाट बंद झाली आहे. जामीन नाकारताना विशेष न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध नोंदवलेली निरीक्षणं तशीच राहू नयेत, म्हणून सेंट झेवियर्स कॉलेजचे माजी प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्हस उच्च न्यायालयात गेले. ती हार्ड डिस्क दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञांपुढे, उघड्या न्यायालयात तपासली जावी, असं मला मनापासून वाटतं. रविवारच्या विश्वासूंच्या प्रार्थनेत या महिन्यात एक विनंती मला लिहून द्यायची आहे. खटल्याविना तुरुंगात असलेल्यांसाठी आणि त्यांच्याविरुद्धचे पुरावे तपासणाऱ्यांसाठी, अशी ती लिहिणार आहे.