कापसाच्या खोलीतला लॅपटॉप

लॅपटॉप बंद पडला तर त्याचं निदान करायला आमच्या गावात कम्प्युटर येणारा माणूस लागत नाही. चहा उकळेपर्यंत ओसरीवर लोक जमा आणि प्रत्येकाजवळ एक रोग तयार. शेजारचे काका म्हणतात लाईनचा झटका बसला, डीपीतच फॉल्ट हाय. चुलतभाऊ म्हणतो व्हायरस, पोट्टे काहीबाही डाउनलोड करतात त्यातून आला. आणि तालुक्याला एखाद्या दुकानात थोडे दिवस बसलेला पोट्टा असलाच तर तो झाकणही न उघडता सांगतो, "फॉर्मेट मारून टाका ना भाऊ." हे फॉर्मेट, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकणं, आपल्याकडचं सलाईन आहे, ताप असो की अंगदुखी, लावून द्या, माणसाले बरं वाटते.

आमचा लॅपटॉप बंद पडायला लागला तो एप्रिलात. तसा तो वहिनीचाच म्हणायचा, तिच्या बचत गटाचा हिशोब त्याच्यात असते, कोणाचा हप्ता आला, कोणाचं व्याज राहिलं, आणि उरलेल्या वेळात पुतण्या त्याच्यावर डिप्लोम्याचा अभ्यास करते, म्हणजे करतो असं सांगते. दुपारी वहिनी एक्सेल उघडून बसली की थोड्या वेळानं पंखा जोरजोरात घुंघुं करायला लागे आणि मग एकदम स्क्रीन काळी, आवाज बंद, खेळ खतम. एक्सेल दर 10 मिनिटांनी आपलं आपण काहीतरी जपून ठेवते म्हणून हिशोब बराचसा परत मिळे, तेवढंच नशीब. वहिनीले मात्र वेगळाच घोर. "भाऊजी, बायका म्हनतीन हिनं पैसे खाल्ले आन् कम्प्युटरवर ढकललं."

पुतण्याचं एक मला आवडलं, त्यानं फॉर्मेटला साफ नकार दिला. त्याचं म्हणणं, मशीन जातानी काही बोललं का ते आधी पाहा. निळी स्क्रीन येऊन खाली कोड दिसला तर बोललं. मेमरी मॅनेजमेंट असं लिहून आलं तर रॅम नाहीतर ड्रायव्हर (मशीनचे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) बघायचं, रॅमची पट्टी काढून खोडरबरनं घासून लावायचा उपाय तर आपल्याकडं सगळीकडंच चालते आणि पुष्कळदा लागूही पडते, टोकावरचा मळ निघते ना. नवीन अपडेट आल्यावर सुरू झालं असेल तर ते अपडेट काढून पाहायचं. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटनं जगभरातली 85 लाखाच्या आसपास विंडोज मशीनं अशीच निळी पडली होती, विमानतळावर लोकांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, आणि आमच्या गावात कोणाला पत्ताही नव्हता, सगळं गाव डवरणीत. बरं आता तर विंडोज 11 मध्ये 2025 पासून ती स्क्रीनच काळी करून टाकली आणि 2012 पासून येणारं ते रडकं तोंडही काढलं. मला ते तोंड आवडायचं, निदान त्याला तरी वाईट वाटते असं वाटे.

"पन आपलं तं काई बोललंच नाई काका, डायरेक्ट गेलं," पुतण्या म्हणाला. "म्हन्जे बाहेरचंच काई असन."

मग त्यानं इव्हेंट व्ह्यूअर उघडलं, म्हणजे मशीनमध्ये केव्हा काय झालं त्याची नोंदवही. हे प्रत्येक विंडोजमध्ये असतेच, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टमवर गेलं की लाल खुणांची रांग दिसते, धडधाकट मशीनमध्ये पण दिसते, म्हणून ते पाहून कोणी घाबरू नये. आमच्यात दरवेळी तेच एक, कर्नल-पॉवर 41. लोक हे वाचतात आणि नवीन अडॅप्टर आणायला निघतात. पण 41 चा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं, हे सांगायला विंडोज कशाला पाहिजे, वहिनी ओरडली तेव्हाच कळलं होतं. कामाची गोष्ट त्याच्या आत डिटेल्समध्ये असते, बगचेककोड, म्हणजे निळ्या स्क्रीनवर येते त्याच बिघाडाचा नंबर. तिथं शून्य असलं तर विंडोजला मरायच्या आधी चिठ्ठी लिहायलाही सवड मिळाली नाही असं समजायचं, बहुतेक वेळा एकतर करंट गेला नाहीतर मशीननं स्वतःच तोडून घेतला. आमच्यात शून्य.

काका लगेच, "मी काय म्हनलो होतो? लाईन!"

आता लाईनवर आळ घ्यायला आमच्याकडं कोणीही केव्हाही तयार असते आणि लाईनही काही साधीभोळी नाही, मोटारी सुरू झाल्या की पंख्याची पाती मोजून घ्या. पण अडॅप्टर उलटा करून वाचा कधी, बारीक अक्षरात असते, इनपुट 100 ते 240 व्होल्ट. म्हणजे 230 चे 170 झाले तरी त्याचं काही बिघडत नाही, घरातलं सगळ्यात सोशिक तेच. आणि लाईन पूर्ण गेली तरी बॅटरी आहे की. पुतण्यानं अडॅप्टर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून दाखवला, बॅटरी अर्धी शिल्लक असतानी भर दुपारी गेलाच. सकाळी उन्हं वर यायच्या आत लावला तर निवांत चालला. काका जरा नाराज झाले, चहा मात्र घेऊन गेले.

तर मग गर्मी. लॅपटॉपसोबत जे पुस्तक येते, जे कोणी वाचत नाही, त्यात बहुतेक कंपन्या लिहितात की खोलीचं तापमान 35 अंशापर्यंत असावं. 35! आमच्याकडं ते होळीच्या आसपासच मागं पडते. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी 45 च्या वर जातात तेव्हा रात्री अंगणात खाटेवर सुद्धा जीव घाबरा होते, लॅपटॉपचा काय दोष. आतला प्रोसेसर 100 अंशाच्या जवळ आला की आधी हळू चालते, तरी भागलं नाही तर जळू नये म्हणून मशीन बंदच करून टाकते. पण उन्हाळा काय यंदाच आला का? मागच्या एप्रिलात तर मस्त चालला होता.

शेवटी मागचे स्क्रू काढले. पंखा दिसायला बरा होता. पण पंख्याच्या पुढं, तांब्याच्या नळीला जोडलेल्या बारीक पात्यांची जाळी असते, जिथून गरम हवा बाहेर जाते, तिच्या तोंडावर आतल्या बाजूनं एक पांढुरका थर चिकटून बसलेला. पुतण्यानं वहिनीचा भुवयांचा चिमटा आणून एका टोकाला धरला आणि तो थर अख्खाच्या अख्खा सोलून निघाला, बोटभर लांब, दाबून घट्ट झालेला, मध्ये वाळलेल्या पानाचा एक चुरा अडकलेला. वहिनीनं तो हातात घेतला, चिमटीत थोडा पिंजला आणि म्हणाली, "हा तं आपलाच कापूस हाय."

आमची आतली खोली म्हणजे कापसाची खोली. मागचे उन्हाळे ती मार्चपर्यंत रिकामी व्हायची. यंदा डिसेंबरपासून भरलेली, ढीग छताच्या हातभर खाली, आणि दाराजवळ जेवढी जागा उरली तेवढ्यात टेबल, टेबलावर लॅपटॉप, कारण दुसरा प्लग बैठकीत आणि तिथं टीव्ही. 2025-26 चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागं 8,110 रुपये, पण दादाच्या डोक्यात 2022 बसलेला आहे, तेव्हा भाव दहा हजाराच्या वर गेला होता आणि आम्ही त्याच्या आधीच विकून मोकळे झालो होतो. म्हणून यंदा थांबू. घरातल्या पोरासोरांना अंगभर खाज सुटली तरी थांबू. म्हणजे बगचेककोड शून्य, त्याच्यामागं गर्मी, गर्मीमागं रुई, रुईमागं कापूस आणि कापसामागं भाव, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एवढं काही येत नाही.

जाळी साफ झाली, तालुक्यावरून थर्मल पेस्टची ट्यूब (प्रोसेसरची गर्मी तांब्याच्या नळीकडं नेणारा लेप) आणून जुना वाळलेला पुसून नवीन लावला (ब्रश मारतानी पंखा बोटानं धरून ठेवायचा, गरागरा फिरू द्यायचा नाही, हे एक लक्षात असू द्या). मग वहिनीनं सरळ दादाले विचारलं, कापूस कधी विकता? दादा म्हणे, "कापूस कायले विकू, लॅपटॉप ओसरीवर न्या ना." तर तो आता ओसरीवर आहे, खाली दोन लाकडी पट्ट्या, समोर कूलरची हवा, आणि रोज संध्याकाळी दादाच तिथं येऊन बसते आणि पुतण्याले हिंगणघाटच्या बाजारातला कापसाचा भाव काढायला लावते. काल पुन्हा थोडा उतरला. म्हणे, राहू दे अजून आठ दिवस.