फ्लोराइटची चाचणी नळाच्या पाण्यावर करू नका

गुजरातेतल्या आंबाडुंगरकडचं किंवा आपल्या चंद्रपूरकडचं फ्लोराइट (कॅल्शियम फ्लोराइडचं खनिज) मुंबईच्या प्रयोगशाळेत येतं, 500 ग्रॅम दळून नळाच्या पाण्यात फ्लोटेशन होतं, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांच्या फेसाबरोबर खनिज वर आणून वेगळं करतात, आणि आकडे सुरेख येतात. तेच प्रमाण खाणीवर नेलं की फेसच धरत नाही. अशा वेळी लोक खनिजाला दोष देतात, मी आधी पाणी तपासायला सांगेन. मुंबईचं पाणी तानसा-भातसाच्या तलावांचं, मऊ. खाणीवर बहुधा बोअरचं, जड. शाळेत त्याला ‘दुष्फेन’ म्हणायचे, आणि इथे तो शब्द अगदी नेमका बसतो.

हिशेब करून बघा. 500 ग्रॅम खनिजाला दीड लिटर पाणी, म्हणजे 25 टक्के घन. पाण्याची कठीणता (जडपणा) कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला 400 मिलिग्रॅम असेल आणि ती सगळी कॅल्शियमची धरली, तर तेवढं कॅल्शियम जवळजवळ 3.4 ग्रॅम ओलेइक अ‍ॅसिड (फ्लोराइटच्या दाण्यांना बुडबुड्यांना चिकटवणारं तेलकट आम्ल) साबण करून खाऊ शकतं. आपण घालतो टनाला 300 ग्रॅम, म्हणजे या चाचणीत फक्त 0.15 ग्रॅम! म्हणून सोडा अ‍ॅश (सोडियम कार्बोनेट) आधी. नुसतं हे कॅल्शियम खाली बसवायलाच 0.64 ग्रॅम सोडा लागतो. पीएच 9 च्या आसपास ठेवायचा तो वेगळा. पीएच वाढवायला चुना अजिबात नको, त्याने कॅल्शियमच वाढतं.

मग वॉटर ग्लास (सोडियम सिलिकेट), टनाला 500 ते 1000 ग्रॅम, आणि पाच मिनिटं ढवळणं. वॉटर ग्लासने क्वार्ट्झ (सिलिका) दबतं, म्हणजे फेसात येत नाही. खरा त्रास कॅल्साइटचा (कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचा): त्याच्याही पृष्ठभागावर कॅल्शियमच, त्यामुळे ओलेइकला दोघं सारखेच. त्यासाठी क्वेब्राचोसारखं (एका झाडाच्या लाकडातून काढलेलं) टॅनिन थोडं घालून तीन मिनिटं थांबा. ओलेइक सगळ्यात शेवटी, तेही दोन-तीन हप्त्यांत. गॅलेना किंवा पायराइट (शिसं आणि लोखंडाची सल्फाइड खनिजं) असेल तर ते झँथेटने (सल्फाइडं फेसात आणणाऱ्या रसायनाने) त्याआधीच काढून घ्यावं.

फेसाकडे नीट बघा. ओलेइक जास्त झालं की फेस घट्ट, कोरडा होतो आणि हलवला तरी फुटत नाही. फेसातला माल चिमूटभर वॉच ग्लासवर (काचेच्या छोट्या बशीवर) घेऊन सौम्य हायड्रोक्लोरिकचा थेंब टाका. सळसळून बुडबुडे आले तर कॅल्साइट वर आलंय. अशा वेळी ओलेइक कमी करा. अति दळलेलं असेल तर 10 मायक्रॉनखालचा गाळ ओलेइक शोषतो आणि फेसाबरोबर मळही आणतो. 80 टक्के माल 75 मायक्रॉनखाली, इथून सुरुवात करावी. त्यातही दाणे जोडलेले दिसले, तर पूर्ण माल पुन्हा न दळता फक्त रफरचा (पहिल्या फेरीत फेसातून मिळालेला) कॉन्सन्ट्रेट दळावा.

अ‍ॅसिड ग्रेडला, म्हणजे हायड्रोजन फ्लोराइड बनवायच्या मालाला, 97 टक्के कॅल्शियम फ्लोराइड लागतं, त्यासाठी पाच-सहा वेळा क्लिनिंग (कॉन्सन्ट्रेटचं पुन्हा फ्लोटेशन) करावं लागतं. सिलिकाबद्दल गिऱ्हाईक इतकं काटेकोर का, तर 60 किलो सिलिका 120 किलोपर्यंत हायड्रोजन फ्लोराइड फुकट घालवते.

दुसरा फरक थंडीचा. शुद्ध ओलेइक अ‍ॅसिड 13-14 अंशांना गोठतं. मुंबईत ते क्वचितच जाणवतं, पण छोटा उदेपूरकडे डिसेंबरच्या पहाटे पाइपात लोण्यासारखं बसतं. पल्प (दळलेलं खनिज आणि पाण्याचं मिश्रण) 30-35 अंशांवर ठेवा, नाहीतर ओलेइकचा सोडियम साबण करूनच वापरा.

नमुन्याबरोबर खाणीचं पाणी 50 लिटर मागवा, आणि कॅनवर भरल्याची तारीख लिहून घ्या. मे महिन्यातलं पाणी आणि पावसाळ्यानंतरचं पाणी एकच नसतं.