सूचकाचा रकाना

१२ मार्च २०१२, सोमवार. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता नॅशनल फुटबॉल लीगचा फ्री एजंटांचा, म्हणजे करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा, बाजार उघडणार होता. उत्तर व्हर्जिनियातल्या आमच्या छोट्या कार्यालयात आम्ही पाच जण. खेळाडूंचे करार वाचायचे, कोणाचा किती बोजा कुठल्या वर्षी संघाच्या सॅलरी कॅपवर (खेळाडूंच्या एकूण पगारावर लीगने घातलेल्या वार्षिक मर्यादेवर) पडतो त्याचे तक्ते करायचे आणि ते एजंटांना, क्रीडापत्रकारांना पुरवायचे, हे आमचं काम. त्या वर्षी एका ग्राहकाने नवीच मागणी केली होती. संघबांधणी बघणाऱ्या जनरल मॅनेजरांनी आजवर जे फ्री एजंट घेतले, त्यावरून त्यांना प्रगतिपुस्तकासारखे शेरे द्या. माझ्या वाट्याला वॉशिंग्टनचा संघ आला होता.

मी मूळची कोल्हापूरची. फुटबॉल म्हटलं की आजही माझ्या डोळ्यांपुढे शाहू स्टेडियम आणि तालमींचे सामने येतात. हेल्मेट घालून खेळायचा हा अमेरिकन फुटबॉल मी इथे आल्यावर, करारांच्या कागदांतून शिकले. त्याआधी तीन वर्षं मी एका लेखापरीक्षकांच्या हाताखाली पतसंस्था आणि दूध संस्थांची दप्तरं तपासली होती. त्या सोमवारी फुटबॉलच्या ज्ञानापेक्षा त्या तीन वर्षांनीच मला जास्त मदत केली.

सकाळपर्यंत तक्ता जवळपास तयार होता. डावीकडे खेळाडूचं नाव, मग कराराची रक्कम, हमीची रक्कम, प्रत्यक्ष खेळलेले सामने, आणि शेवटी 'जनरल मॅनेजर'. तिथेच मी अडले होते. १९९९ साली डॅन स्नायडर यांनी ८० कोटी डॉलरला संघ विकत घेतला आणि त्याच वर्षी चार्ली कॅसर्ली हे जुने जनरल मॅनेजर बाहेर पडले. पुढची दहा वर्षं, डिसेंबर २००९ मध्ये ब्रूस ॲलन येईपर्यंत, ते पद त्या नावाने कोणाकडे नव्हतंच. कारभार बघणारे विनी सेराटो होते, पण त्यांची पदवी दुसरी. मुख्य प्रशिक्षक मार्टी शॉटनहायमर यांनी २००१ मध्ये खेळाडू निवडीचे पूर्ण अधिकार घेतले, पहिले पाच सामने हरून शेवटी ८-८ वर (आठ विजय, आठ पराभव) संघ आणला, आणि ते अधिकार सोडायला नकार दिला म्हणून एकाच हंगामात घरी गेले. मग या दहा वर्षांतल्या खरेदीपुढे नाव कोणाचं लिहायचं? माझ्या वरिष्ठांनी सांगितलं, "जो त्या वेळी फुटबॉलचा कारभार बघत होता, त्याचं लिही." मी तसं लिहीत गेले.

दुपारी बातमी आली. लीगने वॉशिंग्टनच्या कॅपमधून ३ कोटी ६० लाख डॉलर कापले होते, दोन वर्षांत मिळून. डॅलसचे १ कोटी. बाजार उघडायला पुरता एक दिवसही उरला नव्हता. त्या वर्षी कॅपच मुळी १२ कोटी ६ लाखांची. त्यातले १ कोटी ८० लाख गेले, तर सात रुपयांतला एक रुपया बाजाराच्या वाटेवरच हातातून काढून घेतल्यासारखं झालं. माझा उद्याचा अंदाज, कोणाला घेता येईल, कोणाला सोडावं लागेल, सगळा रद्द झाला.

३ कोटी ६० लाख हा आकडा वाचला आणि मी ड्रॉवरमधून दोन फायली काढल्या. २ कोटी १० लाख आणि १ कोटी ५० लाख. वॉशिंग्टनचे दोन खेळाडू, अल्बर्ट हेन्सवर्थ आणि डीअँजेलो हॉल.

इथे थोडा हिशेब सांगायलाच हवा. या खेळात सायनिंग बोनस खेळाडूला रोख मिळतो, पण कॅपच्या वहीत तो कराराच्या वर्षांवर समान वाटून टाकतात, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. खेळाडूला मध्येच काढलं तर राहिलेले सगळे हप्ते एकदम अंगावर येतात. त्याला डेड मनी म्हणतात, म्हणजे माणूस मैदानात नाही पण वहीत आहे. २०१० हे एक वर्ष असं आलं की मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या कराराची मुदत संपत आली होती, आणि त्या वर्षापुरती कॅपच नव्हती. वॉशिंग्टनने या दोघांच्या करारांची फेरमांडणी करून तो बोजा त्या बिनमर्यादेच्या वर्षात टाकून दिला. लीगने ते करार मंजूरही केले. पण असं करू नका अशी तोंडी ताकीद संघांना आधीच दिलेली होती, आणि आता दोन वर्षांनी तिची वसुली झाली.

वरिष्ठ माझ्या टेबलाशी आले. "सोपं झालं. फेरमांडणी २०१० ची, जनरल मॅनेजर ॲलन. त्याच्या नावावर ३ कोटी ६० लाख उणे टाक आणि शेरा नापासाचा दे."

माझं पेन कागदावर टेकलंच नाही. मला पतसंस्थांची प्रोसिडिंग बुकं आठवली. बुडीत कर्जाच्या कागदावर सही नेहमी मॅनेजरची असायची. पण आम्ही सहीवर थांबत नसू. प्रोसिडिंग उघडायचं, ठराव शोधायचा आणि बघायचं: सूचक कोण, अनुमोदक कोण. कितीतरी वेळा सूचक चेअरमन, अनुमोदक चेअरमनचा माणूस, आणि मॅनेजरने नंतर फक्त वाटपाचा कागद केलेला. मॅनेजर त्यातून सुटत नसे, त्याचीही जबाबदारी लिहायचो. पण तिची रक्कम वेगळी असायची.

मी म्हटलं, "हा बोजा टाकून दिला २०१० मध्ये. पण घेतला कधी?"

घेतला २७ फेब्रुवारी २००९ रोजी. मध्यरात्री बाजार उघडला आणि त्याच दिवशी हेन्सवर्थचा करार झाला: सात वर्षं, १० कोटी डॉलर, ४ कोटी १० लाखांची हमी. मी त्याची फाईल पुन्हा वाचली. टेनेसीतले त्याचे शेवटचे दोन हंगाम अप्रतिम होते, त्याबद्दल वाद नाही. आतून चाल फोडणारा तसा डिफेन्सिव्ह टॅकल तेव्हा दुसरा नव्हता. पण २००२ च्या पहिल्या हंगामानंतर तो एकदाही सगळे १६ सामने खेळला नव्हता. २००६ मध्ये तर खाली पडलेल्या डॅलसच्या खेळाडूच्या डोक्यावर पाय दिल्यामुळे पाच सामने बाहेर बसला होता. हे कोणीही चार ओळींत मांडू शकलं असतं. वॉशिंग्टनसाठी तो दोन हंगामांत २० सामने खेळला. माइक शनाहन प्रशिक्षक झाले, बचावाची रचना बदलली, तिच्यात खेळायला तो तयार नव्हता. सरावाआधीची धावण्याची चाचणी पार करायला त्याला दहाएक दिवस लागले. शेवटी २०११ मध्ये तो पाचव्या फेरीच्या एका ड्राफ्ट पिकच्या (कॉलेजातल्या नव्या खेळाडूंतून निवड करण्याच्या पाळीच्या) बदल्यात न्यू इंग्लंडला गेला.

आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस एक निवृत्त स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, येत असत. आयुष्यभर कॉलेजांची मैदानं पालथी घातलेला माणूस. ते सोमवारी होते. ऐकत होते. त्यांनी मला विचारलं, "लंडन फ्लेचर तुझ्या यादीत आहे ना? त्याच्यापुढे काय लिहिलंस?"

फ्लेचर २००७ मध्ये आला. पाच वर्षं, २ कोटी ५० लाख. बचावातला लाइनबॅकर, बत्तीस वर्षांना टेकलेला, उंचीला कमी, मुळात ड्राफ्टमध्ये कोणी निवडलेलाही नाही. आणि आल्यापासून त्याने एकही सामना चुकवला नव्हता. मी त्याच्यापुढे 'उत्तम' लिहिलं होतं, पण का उत्तम, हे लिहिलं नव्हतं. स्काउट म्हणाले, "तेव्हा इथला बचाव ग्रेग विल्यम्सकडे होता. बफेलोला विल्यम्स मुख्य प्रशिक्षक असताना फ्लेचर दोन वर्षं त्याच्या हाताखाली खेळलाय. रोज सकाळी बघितलेला माणूस आहे तो."

म्हणजे सूचक तिथे होता. खेळाडूला ओळखणारा, त्याला कुठे उभं करायचं हे माहीत असलेला.

मी तक्त्यात 'सूचक' असा एक रकाना वाढवला आणि जुने करार पुन्हा लावायला बसले. २००० साल: डीऑन सँडर्स, सात वर्षांचा करार, खेळला एक हंगाम. ब्रूस स्मिथ, जेफ जॉर्ज. सगळी नावं देशाला पाठ, संघ मात्र ८-८. २००६: ॲडम आर्च्युलेटा, तोवरचा सर्वांत महागडा सेफ्टी (बचावाच्या मागच्या फळीतला खेळाडू), हंगामाच्या मध्यात बाकावर, पुढच्या वर्षी सहाव्या फेरीच्या पिकसाठी शिकागोला. मोठ्या करारांत मालक स्वतः उतरत, हे कोणी लपवलं नव्हतं. स्नायडर मेरीलँडमध्ये लहानाचे मोठे झाले ते याच संघाचे चाहते म्हणून. त्यांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही, पैसाही त्यांनी कधी हात राखून दिला नाही. पण चाहत्याला खेळाडू दिसतो तो रविवारी, आणि तो कालचा. प्रशिक्षकाला तो बुधवारच्या सरावात दिसतो. ज्या लीगमध्ये पैशाची मर्यादा सगळ्यांना सारखीच आहे, तिथे मालकाच्या श्रीमंतीचा उपयोग तसा थोडाच, आणि त्याच्या आवडीचा खर्च मात्र पुरेपूर.

तासाभराच्या अंतरावर बाल्टिमोर आहे. तिथल्या संघाचे जनरल मॅनेजर ऑझी न्यूसम होते. मोठा पैसा मागणारे आपले खेळाडू ते जाऊ देत आणि बदल्यात लीगकडून भरपाईचे ड्राफ्ट पिक गोळा करत. दुसऱ्या संघाने सोडून दिलेला खेळाडू घेतला तर ती भरपाई बुडत नाही, म्हणून तशांवर त्यांची नजर असे. अशी वाट वर्षानुवर्षं धरायची तर मालकाने दर मार्चमध्ये शांत बसावं लागतं. बाल्टिमोरचे मालक तसे बसले.

वरिष्ठांना पटायला वेळ लागला. त्यांचा मुद्दा मी आजही मान्य करते: ताकीद मिळाल्यावर फेरमांडणी केली ती ॲलन यांच्या कारकिर्दीत, ती चूक मालकावर ढकलता येणार नाही. संध्याकाळी सातला आम्ही ठरवलं. हेन्सवर्थ: सूचक मालक आणि सेराटो. त्यात सेराटो यांच्यासाठी वेगळी ओळ, कारण फाईल त्यांच्या हातात होती आणि त्यातले सहा अपुरे हंगाम मालकापुढे ठेवणं हे त्यांचं काम होतं. फेरमांडणी: ॲलन, पूर्ण जबाबदारी, पण शेऱ्यात हेही की मुळातलं भोक त्यांनी पाडलेलं नाही. ३ कोटी ६० लाखांचा आकडा एकाच नावापुढे टाकला नाही. ग्राहकाला असा तक्ता नको होता, त्याला प्रत्येकी एक अक्षर हवं होतं. वरिष्ठांनी तरीही तो तसाच पाठवला, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

मंगळवारी चार वाजता बाजार उघडला. कापलेल्या कॅपसह वॉशिंग्टनने पहिल्याच दिवशी इंडियानापोलिसचा पिएर गार्सोन घेतला, पाच वर्षं, ४ कोटी २५ लाख. स्काउट नाराज झाले: तोवर एकाही हंगामात हजार यार्ड न काढलेल्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या खेळाडूला) एवढे पैसे? मी नव्या रकान्यात शनाहन यांचं नाव लिहिलं. खेळाडूंबाबतचा शेवटचा शब्द त्या काळात त्यांचा होता. त्यांना त्याच्यासाठी आपल्या रचनेत नेमकी जागा दिसत होती. मी 'चांगला' असा शेरा दिला.

मे महिन्यात दंडाविरुद्धची दोन्ही संघांची तक्रार फेटाळली गेली. २०१३ च्या हंगामात गार्सोनने ११३ झेल घेतले आणि आर्ट मंक यांचा १०६ चा, १९८४ पासूनचा संघविक्रम मोडला. संघ ३-१३ वर संपला, शनाहन दुसऱ्याच दिवशी गेले. त्या आठवड्यात स्काउटांचा फोन आला. "एकशे तेरा," एवढंच म्हणाले, आणि विचारलं की तेरा सामने हरलेल्या संघातल्या या कराराचा शेरा मी आता बदलणार का. मी तक्ता काढला, शनाहन यांच्या नावापुढचं 'चांगला' खोडलं आणि 'उत्तम' लिहिलं.