दहा पिल्ले आणि एक उभा तुरा : चौदा आठवड्यांची नोंद

चौदा आठवड्यांपूर्वी मी एक-दोन दिवसांची कोंबडीची दहा पिल्ले घरात आणली. त्यांपैकी सहा सिल्व्हर लेस्ड वायनडॉट या जातीची, एका हौशी पैदासकाराकडून घेतली होती आणि उरलेली चार एका मोठ्या उबवणी केंद्राने ॲमेरॉकाना या जातीच्या नावाने विकली होती. पुढे शुद्ध जातीचा छोटासा कळप स्वतः वाढवावा हा हेतू असल्यामुळे पहिल्या दिवसापासून वही ठेवली, आणि प्रत्येक पिल्लाच्या पायात वेगळ्या रंगाचे कडे घातले. ही कडी दर आठवड्याला तपासून बदलावी लागतात, कारण पाय इतक्या वेगाने जाड होतात की दहा दिवस दुर्लक्ष झाले तर कडे कातडीत रुतू लागते.

ब्रूडर म्हणून, म्हणजे पिल्लांना उबेत ठेवण्यासाठी, ९० × ६० सेंटिमीटरची खोल पेटी घेतली आणि वर २५० वॅटचा इन्फ्रारेड दिवा टांगला. पहिल्याच संध्याकाळी दिव्याचा चिमटा सैल होऊन तो वीतभर खाली घसरला. मी खोलीतच होतो म्हणून निभावले, पण कोरड्या भुशाच्या इतक्या जवळ आलेला दिवा पाहिल्यावर तो वापरण्याची माझी इच्छाच उरली नाही. दिवा वापरणाऱ्यांनी तो केवळ चिमट्यावर न ठेवता साखळीने स्वतंत्रपणे बांधावा, आणि बल्बवर पीटीएफईचा (नॉन-स्टिक भांड्यांना असतो तसा) लेप नसल्याची खात्री करून घ्यावी, कारण तो लेप तापल्यावर निघणारी वाफ पक्ष्यांना मारून टाकते.

दुसऱ्या दिवशी उबदार पाट, म्हणजे पिल्ले ज्याखाली शिरून बसतात असा विजेवर तापणारा पाट, आणला. दिव्याखाली पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवावे, हा हिशेब सर्वांना ठाऊक आहे. परंतु पाट हवा तापवत नाही, त्याला पाठ टेकवणाऱ्या पिल्लाला ऊब देतो, त्यामुळे थर्मामीटरचा तेथे फारसा उपयोग नाही. पिल्लांचे वागणे वाचावे लागते. ती एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, पंख सैल सोडून चोच उघडी ठेवून कडेला पांगली असतील तर उकडते आहे. पाटाचा आणखी एक फायदा म्हणजे रात्री खरोखरीचा अंधार होतो आणि पिल्ले शांत झोपतात.

पहिले तीन दिवस भुशावर खरखरीत कागदी रुमाल अंथरले होते. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून ते दोन्ही बाजूंना फाकतात, आणि भुसा उघडा असला तर नवी पिल्ले तोच खाद्य समजून टिपतात. पाण्याच्या पसरट भांड्यात गोटे टाकले, जेणेकरून पेंगणारे पिल्लू तोंडघशी पडून बुडणार नाही.

तिसऱ्या दिवशी हिरव्या कड्याच्या वायनडॉटच्या मागच्या लवेला विष्ठा चिकटून वाळलेली दिसली. वाट बंद झाली तर पिल्लू दोन दिवसांतही दगावू शकते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पाच मिनिटे नुसता धरून ठेवला, गोळा मऊ झाल्यावर हळूच सोडवला, लव वाळवली आणि पिल्लू पाटाखाली सोडले. वाळलेला गोळा ओढला तर लवेबरोबर कातडी निघते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गुदद्वाराच्या पुढे पोटावर दिसणारी काळपट खपली ही नाळेची असते. तिला घाण समजून खरवडणे जिवावर बेतू शकते.

हे करताना पिल्लू तळहातावर उताणे होते. त्याला सरळ केले तेव्हा त्याचे डोके प्रथमच नीट उजेडात आले आणि मी चमकलो. इतर पाच वायनडॉटच्या चोचीमागे रुंद, बारीक उंचवट्यांची पट्टी होती, म्हणजे ‘रोझ कोंब’ या रुंद, चपट्या तुऱ्याची सुरुवात होती. या पिल्लाच्या डोक्यावर मात्र कंगव्याच्या कडेसारखी एकच बारीक उभी रेघ होती. १८८३ साली जातींची अधिकृत लक्षणे ठरवणाऱ्या अमेरिकन प्रमाणग्रंथात वायनडॉट जातीचा समावेश झाला, तेव्हापासून तिची ओळख डोक्याच्या वळणाला धरून बसणारा चपटा रोझ कोंब हीच आहे. आपल्याला संकर विकला गेला, असे मी त्या दिवशी वहीत रागाने लिहिले. त्याच पानावर ॲमेरॉकानाच्या चार पिल्लांबद्दल मात्र ‘गालांवर झुपके, हनुवटीखाली दाढी, पी कोंब (तीन बारीक ओळींचा बसका तुरा), सर्व काही जातीबरहुकूम’ अशी समाधानाची नोंद आहे. दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते.

पुढचे चार आठवडे घरात पिल्ले ठेवणाऱ्या कोणालाही अपरिचित नसतील. तिसऱ्या आठवड्यात पिसांच्या आवरणाची पांढरी भुकटी खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर बसू लागली, पिल्ले पेटीच्या कडेवर उडून बसू लागली म्हणून वर जाळी टाकली आणि जागा दुपटीहून अधिक केली. चौथ्या आठवड्यात मोहरीच्या रंगाची, पातळ आणि दुर्गंधी विष्ठा पाहून कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी रोगाच्या भीतीने रात्रभर जागलो. ती आंधळ्या आतड्यातून अधूनमधून येणारी नेहमीची विष्ठा निघाली. रक्त दिसणे, पिसे फुलवून एका जागी बसणे, खाणे सोडणे ही खरी लक्षणे होत, आणि भुसा कोरडा ठेवणे हा त्यावरचा निम्मा उपाय होय.

सहाव्या आठवड्यात ॲमेरॉकानाचे बिंग फुटले. चारही पिल्लांचे रंग चार तऱ्हेचे झाले आणि तिघांचे पाय हिरवट पिवळे निघाले. १९८४ मध्ये मान्यता मिळालेल्या या जातीचे पाय पाटीच्या दगडासारखे निळसर करडे असावे लागतात आणि तिचे रंगप्रकार ठरलेले आहेत. रंगप्रकाराचे नावच न सांगता विकलेली पिल्ले बहुधा ईस्टर एगर, म्हणजे रंगीत अंडी देणारे संकर, असतात, हे मला घेण्यापूर्वी सुचायला हवे होते. ज्या खुणांवर मी भाळलो त्या दाढी, झुपके आणि पी कोंब या तिन्ही प्रभावी गुणांच्या आहेत, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आल्या तरी दिसतात. अंड्याच्या निळ्या कवचाचेही तसेच आहे. अशा खुणा असल्याने शुद्धता सिद्ध होत नाही.

सिंगल कोंब, म्हणजे तो एकेरी उभा तुरा, अप्रभावी आहे, म्हणून त्याचा अर्थ उलट लागतो. तो दिसण्यासाठी आई आणि बाप दोघांकडून तो यावा लागतो, आणि वायनडॉटमध्ये तो शुद्ध कळपांतही दडून राहिलेला असतो. त्याचे कारण मजेशीर आहे : रोझ कोंबच्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्या नरांची फलनक्षमता कमी असते, त्यामुळे एकच प्रत असलेला नर अधिक पिल्ले देतो आणि सिंगल कोंब कळपातून पुरता जात नाही. अशा एकेकच प्रत असलेल्या दोन पक्ष्यांच्या जोडीत सरासरी चारांत एक पिल्लू उभ्या तुऱ्याचे निघते. पैदासकाराला विचारल्यावर त्यांनी न लपवता सांगितले की त्यांच्याकडे दरवर्षी अशी काही निघतात, आणि त्यांनी पालकांचे फोटोही पाठवले. माझा राग तेथेच विरघळला.

आता नवी पिल्ले किंवा अंडी घेताना मी पिल्लापेक्षा त्याच्या आईबापांबद्दल अधिक विचारतो. विशेषतः, माद्या इतर नरांपासून वेगळ्या करून फक्त या कोंबड्याबरोबर कधीपासून ठेवल्या आहेत, हा प्रश्न मी सोडत नाही. आधीच्या नराचे शुक्रजंतू मादीत दोन आठवडे, कधी तीनही, जिवंत राहतात. नर बदलल्यापासून तीन आठवड्यांच्या आत गोळा केलेल्या अंड्यांचा बाप कोण, हे खात्रीने सांगता येत नाही. या प्रश्नावर जो विक्रेता तारीख सांगतो, त्याच्याशी मी पुढे बोलतो.

आज चौदाव्या आठवड्यात वायनडॉटमध्ये दोन नर आणि चार तलंगा (अंड्यांवर न आलेल्या तरुण माद्या) आहेत. चार ईस्टर एगर अंड्यांसाठी ठेवल्या आहेत, पैदाशीसाठी नाहीत. हिरव्या कड्याची सिंगल कोंबवाली तलंग निघाली असून तिच्या पिसांची काळी किनार सहाही जणांत सर्वांत रेखीव आहे. तिला कळपातून काढण्याचा विचार मी सोडला आहे, कारण नरांची परीक्षा तिच्याशिवाय कोणी घेऊ शकत नाही. दोन्ही नर वयात आले की प्रत्येकाला स्वतंत्रपणे, मध्ये तीन आठवडे सोडून, तिच्याबरोबर ठेवायचे आणि प्रत्येकी किमान दहा पिल्ले उबवायची असे ठरवले आहे. एका जरी पिल्लाला उभा तुरा आला तर तो नर सिंगल कोंब वाहणारा ठरेल. तो तसा असूनही दहाही पिल्ले रोझ कोंबची निघण्याची शक्यता १०२४ मध्ये एक एवढीच आहे. तिची पहिली अंडी यायला अजून काही महिने आहेत. तोपर्यंत अंडी उबवण्याचा इन्क्युबेटर ३७.५ अंशांवर स्थिर राहतो की नाही, हे तपासून ठेवत आहे.