गाडीची हिवाळी पायताणं

मे संपत आला की चामड्याच्या चपला माळ्यावर जातात आणि रबरी पायताणं खाली येतात. त्यांचं कौतुक कुणी करत नाही, पण चिखलात तीच कामाला येतात. जर्मनीत नुकतीच गाडी घेतलेल्या मराठी माणसाला विंटर टायर ही काय भानगड आहे, हे सांगायला एवढं पुरेसं आहे. इथलं पंचांगही सोपं: ऑक्टोबर ते ईस्टर. म्हणजे दसऱ्याला गाडीला हार घातला की पाठोपाठ चाकं बदलायची वेळ येतेच.

कायद्यात मात्र तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, चिकचिकाट किंवा दवाचा गोठलेला थर असेल तेव्हा टायर त्या लायकीचे हवेत; नसले तर 60 युरो दंड आणि वर चालकाच्या नावावर एक दंडगुण. लायकी ओळखायची ती टायरच्या बाजूवरच्या खुणेवरून: तीन सुळक्यांचा डोंगर आणि त्यात हिमकण. नुसतं 'एम+एस' लिहिलेलं 1 ऑक्टोबर 2024 पासून चालत नाही. जुने टायर स्वस्तात घेणारे नेमके इथेच फसतात.

थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं, तसं उन्हाळी टायरचं रबर गारठ्यात ताठरतं आणि रस्त्याला धरत नाही. पारा 7 अंशांखाली गेला की विंटर टायर लावावेत, हा त्यातून आलेला ढोबळ ठोकताळा. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीवर बारीक चिरा असतात. नक्षीत बर्फ गच्च बसतो आणि तोच खालच्या बर्फाला पकडतो. बर्फाला बर्फ चिकटतो म्हणून तर त्याचे गोळे वळता येतात. नक्षी झिजली की ही गंमत संपते. कायद्याला नक्षीची 1.6 मिलिमीटर खोली पुरते, बर्फाला नाही. 4 च्या खाली गेलेला टायर गोटा झालाच असं समजावं. ऑस्ट्रियात तर विंटर टायरला किमान 4 लागतातच, तेव्हा साल्झबुर्गला फिरायला जाण्याआधी मोजलेलं बरं.

पैसे वाचवायला दोनच टायर बदलणं हा सर्वांत महाग पडणारा कंजूषपणा. पुढची चाकं धरतात, मागची धरत नाहीत, आणि वळणावर ब्रेक दाबला की गाडीची शेपूट आधी निघते.

खरी मौज रिम, म्हणजे टायर ज्यावर बसतो ते धातूचं चाक, निवडण्यात आहे. टायरवरच्या मापात आधी रुंदी मिलिमीटरमध्ये, मग बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटी रिम इंचांत असते. उन्हाळ्यात 225/45 आर 17 असलेल्या फोक्सवागन गोल्फला हिवाळ्यात 205/55 आर 16 घालावेत. चाकाचा व्यास 634 वरून 632 मिलिमीटरवर येतो, म्हणजे स्पीडोमीटरला पत्ताही लागत नाही. टायर स्वस्त पडतो, खड्ड्यात रिम वाचते आणि अरुंद टायर मऊ बर्फ चिरून खाली टेकतो. मात्र मोठ्या ब्रेकच्या मॉडेलवर 16 ची रिम कॅलिपरला, म्हणजे ब्रेकच्या चिमट्याला, घासते. गाडीच्या कागदपत्रांत कोणती मापं चालतात ते आधी पाहावं. पाच भोकं 112 मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत एवढ्यावर भागत नाही, मधलं भोकही 57.1 चं लागतं. बाहेरच्या रिमचं भोक मोठं असेल तर मध्ये कडी घालावी लागते. ती हरवली की स्टिअरिंग थरथरतं आणि लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंगला पैसे घालतात. आणखी एक छुपी खोड: मूळ रिमच्या बोल्टचं बूड गोलसर असतं, बाजारच्या रिमला बहुधा शंकूसारखं लागतं. चुकीचा बोल्ट आवळला जातो, पण नीट बसत नाही, आणि पुढे ढिला होतो.

अलॉय की लोखंडी? रस्त्यावर मीठ फेकतात, त्याने खरचटलेल्या अलॉयचा रंग फुगून निघतो. लोखंडी रिम काळी, बेढब आणि निगरगट्ट. पायताणालाही तेवढंच पुरतं.

चाक बसवण्याआधी हबवरचा, म्हणजे चाक जिथे टेकतं त्या बैठकीवरचा, गंज तारेच्या ब्रशने काढावा, बोल्टला ग्रीस लावू नये, आणि किती जोर लागला ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने चांदणीच्या क्रमाने, शेजारचा बोल्ट सोडून समोरचा घेत, आवळावं. गोल्फला 120 न्यूटन-मीटर. 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावावा. ज्या गाडीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर चाकात असतो तिच्या दुसऱ्या संचालाही सेन्सर लागतात. हा खर्च हिशेबात धरायचा हमखास राहून जातो. हवा टायर गार असताना भरावी. दर 10 अंशांमागे साधारण 0.1 बार कमी होतो, तेव्हा उबदार गॅरेजात बरोबर भरलेली हवा बाहेर उणे 10 मध्ये कमी पडते.

काढलेल्या उन्हाळी चाकांवर खडूने लिहून ठेवावं: पुढचं डावं, मागचं उजवं. मग नक्षीतले खडे काढावेत, चाकं धुवावीत आणि तळघरात एकावर एक आडवी रचावीत. रिमशिवायचे नुसते टायर असतील तर मात्र उभे ठेवून महिन्याला थोडे फिरवावेत.